जमिनीखालच्या डक्टमधून फायबर केबल सहज कशी जाईल? (सांगली-सातारा भागातले अनुभव हवेत)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

आष्टा-वाळवा पट्ट्यात माझा छोटा इंटरनेटचा व्यवसाय आहे. इतकी वर्षं खांबावरून केबल नेत होतो. पण गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या वरची केबल घेऊनच कारखान्याला जातात आणि अख्खं गाव बंद पडतं. ऑनलाइन अर्ज भरणारी पोरं, दूध डेअरीचा संगणक, पतसंस्था, सगळ्यांचे फोन एकदम येतात. म्हणून यंदा जमिनीखालून जायचं ठरवलंय.

रस्त्याकडेला आधीच्या एका ठेकेदाराने पुरलेला ४० मिमीचा एचडीपीई (कडक प्लास्टिकचा) डक्ट म्हणजे पाइप रीतसर भाड्याने मिळाला. पहिला टप्पा ३०० मीटरचा आहे. सुरुवातीला सरळ रस्ता, मग शेवटी मोरीखालून खाली-वर आणि तिकटीवर दोन काटकोनी वळणं. दोरी आरपार आहे. २४ कोअरची (आत काचेचे २४ तंतू असलेली) केबल बांधून तिकटीकडून ओढली तर दोनशे मीटरपर्यंत काही तक्रार नाही, पुढे जागची हलत नाही. चौघांनी जोर लावून पाहिला. त्याहून जास्त ओढायला मी नकार दिला, आत काच आहे.

विचारणा केली तर प्रत्येक जण वेगळं सांगतोय. कुणी म्हणतं निसरडं जेल लाव, कुणी म्हणतं गुळगुळीत आवरणाची भारी केबल घे, कुणी म्हणतं हवेच्या जोरावर केबल टाकणारं ब्लोइंग मशीन बोलाव, तर कुणी म्हणतं डक्टच नवा टाक. चारही गोष्टींना पैसे लागतात आणि माझ्याकडे एकाचेच आहेत. आधी कशात घालावेत?

ऊसवाला_बापू

आमच्या विहिरीवरनं मोटारीची वायर पाइपातनं न्यायची होती, लई लांब. पोराने प्लास्टिकच्या पिशवीला सुतळी बांधली, पिशवी पाइपात घातली आन् दुसऱ्या टोकाला घरातला व्हॅक्युम क्लीनर लावला. सुतळी सुर्रकन बाहेर. सुतळीला दोरी, दोरीला वायर. तुमची दोरी तर आधीच आरपार हाय म्हणताय, मग अडतंय कुठं ते आधी बघा की.

वारणाकाठ

बापू, तेच कळेना झालंय. दोरी हलकी, ती कुठूनही जाते. केबलचं तसं नाही.

गणितातला_सर

मी विश्रामबागला शाळेत शिकवतो, केबलचा धंदा माझा नाही, पण हा प्रश्न गणिताचाच आहे म्हणून लिहितो.

सरळ पाइपात घर्षण सोपं असतं. केबलचं वजन गुणिले घर्षणांक (किती घासतं त्याचा आकडा), बस्स. तुमची केबल किलोमीटरला ९० किलो धरू. ३०० मीटरची झाली २७ किलो. घर्षणांक ०.२५ धरला तर सरळ ओढायला पावणेसात किलो जोर पुरतो. पोरगंसुद्धा ओढेल.

वळणाचं तसं नसतं. तिथे ताण वाढत नाही, तो गुणला जातो. खवळलेल्या बैलाचा कासरा खुंट्याला दोन वेढे देऊन धरला की दहा वर्षांचं पोरसुद्धा त्याला थोपवतं, ते याच नियमाने. ई (साधारण २.७२) या संख्येचा (घर्षणांक गुणिले रेडियनमधला कोन) एवढा घात घ्यायचा आणि वळणाआधी जेवढा ताण असेल त्याला त्याने गुणायचं. ऑयलरच्या नावाने हे सूत्र ओळखतात. मोरीचा उतार-चढ आणि तिकटीचे काटकोन मिळून तुमचं एकूण वळण ३६० अंश धरलं, तर ०.२५ ला गुणक येतो ४.८.

आता खरी गंमत बघा. ड्रम फिरवायलाही थोडा जोर लागतो, तो २ किलो धरू. तुम्ही सरळ बाजूने केबल आत घालताय आणि वळणं शेवटी येताहेत. म्हणजे पावणेसात अधिक दोन, पावणेनऊ किलोला ४.८ ने गुणायचं. झाले ४२ किलो. तीच केबल तिकटीकडून आत घाला आणि दुसऱ्या टोकाने ओढा. आता वळणाआधी फक्त ड्रमचे २ किलो आहेत, ते गुणून होतात साडेनऊ, त्यात सरळ भागाचे पावणेसात. एकूण सोळा-सव्वासोळा. केबल तीच, डक्ट तोच, फक्त टोक बदललं.

पैसे घालण्याआधी हे फुकटचं करून बघा.

जॉइंटर_तात्या

सरांनी गणितात मांडलं ते आम्हाला मुकादमाने शिव्या देऊन शिकवलं होतं. वळण जवळ असेल त्या बाजूला ड्रम, हा दंडकच होता.

मी टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो. तेव्हा कागदाच्या वेष्टणाची, शिशाच्या आवरणाची तांब्याची केबल असायची. जाड आणि वजनदार. मॅनहोलमध्ये उतरून आधी पाणी उपसायचं, मग दांड्याला दांडा जोडत डक्टमधून पलीकडे काढायचा, त्यामागे दोर, दोरामागे केबल. तोंडाशी एक माणूस फक्त व्हॅसलिनसारखं ग्रीस हाताने थापायला उभा असे. शिशाला ते चालायचं. आताच्या काळ्या प्लास्टिकच्या आवरणाला तेल-ग्रीस अजिबात लावू नका, आवरण फुगतं आणि मऊ पडतं.

आणखी एक. मॅनहोलचं झाकण काढल्या काढल्या कुणी आत उतरायचं नाही. आत गॅस साठलेला असतो. झाकण उघडं ठेवा, हवा खेळू द्या, वर एक माणूस कायम उभा ठेवा. हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो आणि सांगत राहणार.

सेट_टॉप_सागर

जेलला कशाला पैसे घालवता? आम्ही भांड्याचा लिक्विड साबण पाण्यात कालवून ओततो. केबल झर्रकन जाते. दहा रुपयांत काम.

कुपवाडची_रेणू

सागर, कळकळीने सांगते, हे थांबवा.

मी कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिक एक्स्ट्रूजनच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघते. पॉलिथिन ताणाखाली असताना त्याला साबणासारखं द्रावण लागलं तर त्याला हळूहळू तडे जातात. आमच्याकडे प्लास्टिकची कसोटी घेण्याची एक पद्धत हीच आहे. पट्टीला चीर देतात, वाकवून ठेवतात आणि साबणासारख्या द्रावणात बुडवतात, मग किती वेळाने तडकते ते बघतात. तुमची केबल डक्टच्या वळणावर वाकलेलीच असते आणि तुम्ही तिला त्याच द्रावणात बुडवताय. काही ग्रेड टिकतात, काही नाही. तुमच्या केबलचं आवरण कोणत्या ग्रेडचं ते सहसा ड्रमवर लिहिलेलं नसतं.

दुसरं म्हणजे साबण वाळतो. आज केबल गेली, पण दोन वर्षांनी तीच काढून जाड केबल टाकायची वेळ आली की ती आत चिकटून बसलेली असते. केबलसाठीचं पाण्यातलं जेल वाळल्यावर पातळ पापुद्रा सोडतं आणि तो पापुद्राही निसरडा राहतो. पैसे त्या गुणाचे असतात.

सेट_टॉप_सागर

रेणूताई, तडे जातात हे माहीत नव्हतं. पण आमच्या साबणवाल्या केबली चार पावसाळे काढून बसल्यात हेही खरं आहे.

कुपवाडची_रेणू

बसल्या असतील, ग्रेड चांगला लागला असेल. मला भीती वाटते ती पुढच्या ड्रमची.

मूळ प्रश्नातल्या "गुळगुळीत आवरणाच्या केबल"बद्दल लिहिते, कारण हे माझ्या कामाजवळचं आहे. केबल घसरती करायचे दोन-तीन मार्ग कारखान्यातच असतात. एक म्हणजे आवरणाचं प्लास्टिकच कडक निवडणं. एचडीपीई हे पीव्हीसीपेक्षा किंवा मऊ पॉलिथिनपेक्षा चांगलं घसरतं. आगीत धूर कमी करणारी आवरणं इमारतीत हवीच, पण डक्टमध्ये ती जास्त घासतात. दुसरा मार्ग, प्लास्टिक वितळवताना त्यात घसरण वाढवणारं द्रव्य मिसळायचं. एरुकामाइड नावाचं एक मेणासारखं रसायन त्यासाठी वापरतात. ते आत विरघळून राहतं आणि थंड झाल्यावर हळूहळू पृष्ठभागावर येतं. बोट फिरवलं तर कळतं. सिलिकॉनची मास्टरबॅचही (दाट मिश्रणाचे दाणे) मिसळतात, ती जास्त टिकते.

पण मला विचाराल तर याहून मोठा फरक डक्टच्या आतल्या भिंतीने पडतो. ज्याला पीएलबी डक्ट म्हणतात त्यात बाहेरचा थर साध्या एचडीपीईचा आणि आतला पातळ थर कायमच्या घन वंगणाचा, दोन्ही एकाच वेळी एकाच डायमधून निघतात. ४० मिमी बाहेर आणि ३३ मिमी आत, हा आपल्याकडचा नेहमीचा आकार. नव्या डक्टचा घर्षणांक ०.०६ च्या आत हवा अशी अट असते. सरांच्या सूत्रात ०.०६ घालून बघा.

गणितातला_सर

घातला. ३६० अंशांना गुणक १.४६. सरळ भागाला दीड-पावणेदोन किलो. म्हणजे वळणं शेवटी असली तरी सगळं मिळून सव्वापाच किलो!

आणि उलट टोकाचंही सांगतो. डक्टमध्ये गाळ साचून घर्षणांक ०.५ झाला तर गुणक २३ होतो. सरळ भाग साडेतेरा, ड्रमचे दोन, त्याला २३. साडेतीनशे किलोच्या वर. चौघे काय, चाळीस जण लागतील.

वारणाकाठ

सर, अंगावर काटा आला. बाहेरच्या फायबर केबलला ओढण्याची मर्यादा २७०० न्यूटन म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास लिहिलेली असते, आणि माझी पातळ केबल त्याहून नाजूक आहे. चौघांवर थांबलो ते बरं केलं म्हणायचं.

डक्ट पीएलबीच आहे, बाहेर छापलंय. मग इतका का अडतो?

काळी_माती

कारण डक्ट कारखान्यात ०.०६ चा असतो, जमिनीत तो तुमच्या मातीचा होतो.

मी सिव्हिलची आहे, सांगली-मिरज भागात रस्त्यांची कामं करते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वाळवा भागात शेताच्या बांधावरून चालताना हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. त्या भेगांबरोबर डक्ट वर-खाली आणि बाजूला ओढला जातो. सरळ पुरलेला डक्ट दोन-तीन वर्षांत नागमोडी होतो, आणि सरांच्या सूत्रात ही प्रत्येक बारीक नागमोड अंशांमध्ये जमा होत राहते. कपलर म्हणजे डक्टचे जोड ओढ घेऊन थोडे उघडतात आणि तिथून गाळ आत शिरतो.

त्यात आपल्याकडचा महापूर. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर चेंबर उघडले तर आत तोंडापर्यंत मऊ गाळ. एंड प्लग (तोंडाचं बूच) नसलेला प्रत्येक डक्ट भरला होता. तो गाळ आत वाळला की खरखरीत कागद होतो.

चर खणताना तळाला बारीक मुरूम किंवा वाळूची गादी, त्यावर डक्ट, त्यावर पुन्हा तसाच थर, मग खणलेली माती. गादीशिवाय टाकलेला डक्ट दगडावर टेकतो, वरून ऊस वाहणारा ट्रॅक्टर जातो आणि गोल डक्ट चपटा होतो. ३३ मिमीचं भोक एका जागी १५ मिमी झालं तरी दोरी आरामात जाते. वारणाकाठ, तुमची दोरी जाते आणि केबल जात नाही यामागे मला हेच दिसतंय. दोनशे मीटरला वळण आहे म्हणून अडते की दोनशे मीटरला डक्ट चपटा आहे म्हणून, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

ऊसवाला_बापू

हेच म्हनलं की मी पहिल्यांदा. अडतंय कुठं ते बघा.

काळी_माती

बापू, तुमचाच मान पहिला.

पोवई_नाका

साताऱ्यातून लिहितोय. काळ्या मातीचं ऐकून वाटलं, आमच्याकडे बरं आहे, पण तसं काही नाही. यवतेश्वरच्या चढाला खणायला गेलं की फूटभर मुरूम आणि खाली सलग काळा कातळ. दूरसंचारच्या जुन्या कामांत १.६५ मीटर खोलीचा चर मागायचे. तेवढं कातळात खणणं म्हणजे ब्रेकर लावून दिवसाला काही मीटर. मग खोली कमी करून वर काँक्रीट घालायचं ठरतं. कातळाचं एक बरं, एकदा बसलेला डक्ट हलत नाही. पण चराचा तळ ओबडधोबड राहतो, त्यामुळे डक्ट पहिल्या दिवसापासूनच नागमोडी. गादी आमच्याकडेही तितकीच लागते.

मिरजेची_ताई

थोडं अवांतर. आमच्या शाळेत दोन इमारतींमध्ये पाइप पुरलाय. त्यातून कॅट-६ च्या (संगणक जोडायच्या तांब्याच्या) तीन वायरी न्यायच्यात. इलेक्ट्रिशियन म्हणतो दोन सहज जातात, तिसरी घातली की तिन्ही अडकतात. असं कसं?

कऱ्हाडचा_कॉम्प्रेसर

ताई, पाइपाचं आतलं माप वायरीच्या जाडीच्या साधारण तिप्पट असलं की असंच होतं. तीन वायरी वळणावर एका ओळीत येतात आणि पाइपाच्या भिंतींमध्ये पाचर बसते. पाइप मोठा असेल तर होत नाही, लहान असेल तर तीन वायरी त्रिकोणातच राहतात. तिपटीच्या आसपासचं मापच तेवढं वाईट. आणि तिन्ही एकत्र बांधून एकदम ओढायच्या असतात, एकामागून एक नाही. मागून घातलेली वायर आधीच्या वायरींना घासून कापते.

कॅट-६ ला ११ किलोपेक्षा जास्त ओढ देऊ नये. आतल्या जोड्यांचा पीळ सैल होतो, दिवा लागतो पण वेग मिळत नाही.

पण माझं ऐकाल तर इमारत ते इमारत तांब्याची वायर नेऊच नका, फायबर न्या. वळवाच्या विजा मिरजेला काही नव्या नाहीत. तांब्यातून एका इमारतीचा झटका दुसरीतल्या सगळ्या संगणकांपर्यंत जातो. फायबरमध्ये तो प्रश्नच येत नाही.

मिरजेची_ताई

मागच्या मे महिन्यात आमचा स्विच जळाला तो असाच असणार. फायबरचं समितीपुढे मांडते. खूप आभार.

कऱ्हाडचा_कॉम्प्रेसर

आता ब्लोइंगबद्दल, कारण हे माझं रोजचं काम आहे. हायवेच्या कडेने लांब पल्ल्याची केबल आम्ही हवेने टाकतो.

लोकांना वाटतं हवा केबलचं तोंड ढकलते. तसं नाही. मशीनचे पट्टे केबलला मागून हलका रेटा देतात आणि कॉम्प्रेसरची हवा डक्टमधून जोरात वाहताना केबलच्या अख्ख्या अंगाला पुढे नेत राहते. ओढताना सगळा ताण एका टोकावर येतो, म्हणून वळणावर तो गुणला जातो. हवेत ताण एका जागी साचतच नाही. शिवाय हवा पुढे जाईल तशी पसरते, तिचा दाब उतरतो आणि वेग वाढतो, म्हणजे दूरच्या टोकाला, जिथे केबल थकलेली असते, तिथे ती जास्त जोराने नेते. १९८०च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमने हवेने फायबर टाकायची पद्धत काढली, पुढे हॉलंड-स्वित्झर्लंडच्या लोकांनी रेटा आणि हवा एकत्र आणून जाड केबलही लांब न्यायला सुरुवात केली.

चांगल्या डक्टमध्ये ८ ते १० बार दाबावर मिनिटाला ६०-७० मीटर वेगाने एका दमात एक-दोन किलोमीटर केबल जाते. उन्हाळ्यात आम्ही पहाटे सुरू करतो. दुपारी काळा डक्ट आणि काळी केबल दोन्ही तापून मऊ पडतात, घासायला लागतात. कॉम्प्रेसरची हवाही गरम आणि दमट असते, म्हणून मध्ये कूलर लावलाच पाहिजे. कूलर वाचवणाऱ्याला मी काम देत नाही.

केबल फार मऊ असेल तर रेट्याने आत दुमडते, फार ताठ असेल तर वळण घेत नाही. लहान ड्रमवर वर्षभर पडून राहिलेल्या केबलला वेटोळ्याची सवय लागते, ती सरळ डक्टमध्येही भिंतीला टेकत जाते. म्हणून ड्रम मोठा आणि माल ताजा घ्या.

आणि एक हात जोडून विनंती. हवा सुरू असताना पलीकडच्या चेंबरमध्ये किंवा डक्टच्या तोंडासमोर कुणीही उभं राहू नये. साफसफाईचा स्पंज, केबलचं टोक, खडा, काहीही बाहेर येतं आणि डोळा घेऊन जातं. दोन्ही टोकांना वॉकी-टॉकी किंवा चालू फोन हवाच.

जॉइंटर_तात्या

सगळं मान्य, पण ३०० मीटरला मशीन, कॉम्प्रेसर, टेम्पो, चार माणसं? धाग्यावाल्याचा वर्षाचा नफा जाईल. हाताने ओढायचं अंतर आहे हे.

कऱ्हाडचा_कॉम्प्रेसर

तात्या, एका टप्प्याला नाही, बरोबर. पण त्यांचे पुढचे टप्पे सगळे मिळून पाच-सहा किलोमीटर असतील तर एका दिवसाचं भाडं वसूल होतं. मधले चेंबर कमी लागतात, जॉइंट कमी, त्रास कमी. शिवाय उघडे कपलर हवा भरताना लगेच सापडतात, दाब धरतच नाही.

जॉइंटर_तात्या

आणि कपलर उघडे असतील तर मशीन येऊन उभं राहणार आणि भाडं चालू राहणार. आधी डक्ट, मग मशीन.

कऱ्हाडचा_कॉम्प्रेसर

यात तुमच्याशी वाद नाही. डक्टची चाचणी न करता मला बोलावणाऱ्यांमुळेच माझे निम्मे दिवस फुकट जातात.

टॉवरखालचा

वाचनखूण साठवली. आमच्याकडे डक्टमधून बेडूक निघाला होता, तोही जिवंत. एंड प्लगचं महत्त्व त्याने सगळ्यात चांगलं समजावलं.

आष्टेकर_विलास

सगळं छान चाललंय, पण तुम्ही केबल सोपी करा नाहीतर अवघड, महिनाभरात पाण्याच्या पाइपलाइनवाला जेसीबी घेऊन येणार आणि डक्टसकट उचकटणार. आमच्या गल्लीत एकाच वर्षात नळाने, गटारीने आणि केबलने तीन वेळा रस्ता खणला.

काळी_माती

विलासदादा, चीड रास्त आहे. २०२३च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप आणलं. खणणाऱ्याने आधी जागा कळवायची, खाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो. गावपातळीवरच्या ठेकेदारांना ते माहीतच नसतं. वारणाकाठ, तुमचा मार्ग ग्रामपंचायतीकडे नकाशासकट देऊन ठेवा आणि डक्टच्या वर फूटभर अंतरावर रंगीत इशारा फीत पुरा. जेसीबीच्या बकेटला आधी ती लागते.

तार_तारका

मी पुण्यात असते, माहेर तासगावचं. एक मुद्दा राहिला. दोरी कुठली वापरताय? बारीक नायलॉनची दोरी वळणावर त्याच जागी घासत राहते आणि प्लास्टिकच्या डक्टला आतून चीर पाडते. पुढची केबल त्या चिरेत बसते. चपटी पॉलिएस्टरची पट्टी मिळते, ती भिंतीवर पसरून चालते आणि तिच्यावर मीटरचे आकडे छापलेले असतात. वारणाकाठ, त्या आकड्यांवरून तुम्हाला अडथळा नेमका किती मीटरवर आहे ते कळेल.

जॉइंटर_तात्या

ताईंनी मोलाचं सांगितलं. आता मी बांधणीचं सांगतो, कारण निम्म्या केबली बांधणीत मरतात.

केबलच्या टोकाचं आवरण हातभर सोला. आतलं पिवळं अरामिड सूत मोकळं करा, ते आणि मधली काडी ओढण्याच्या कडीला बांधा, ओढ त्यांच्यावर यायला हवी. वरून जाळीचा मोजा चढवा, टोकाला टेप गुंडाळून निमुळतं करा. मोजा आणि दोरी यांच्यामध्ये फिरकी हवीच. दोरी ताणली की पीळ सोडते, फिरकी नसेल तर तो पीळ केबलमध्ये जातो. ओढून झाल्यावर पहिला मीटरभर तुकडा कापून टाका, हळहळू नका.

ड्रमवरून केबल काढून मधल्या चेंबरला दुसऱ्या बाजूला न्यायची असेल तर जमिनीवर ताडपत्री टाकून इंग्रजी आठच्या आकड्यात अंथरा. एका वेढ्याचा पीळ पुढचा वेढा काढून टाकतो. नुसत्या गोल वेटोळ्यात अंथरली की गाठी पडतात. ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपटीपेक्षा आवळ वळण कुठेच येऊ देऊ नका, चेंबरच्या तोंडाशी तर नाहीच. तिथे कप्पी लावा.

वारणाकाठ

मंडळी, तुम्ही सांगितलं त्या क्रमाने केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तारकाताईंची चपटी पट्टी आणली. तिला २८ मिमीचा गोल नायलॉनचा ठोकळा बांधून ओढला. २१० मीटरला थांबला, मोरीच्या थोडा अलीकडे. तिथे खणलं. डक्ट दगडावर टेकलेला आणि वरून दाबून केळीच्या पानाच्या देठाएवढा उरलेला. काळी_माती ताईंनी न बघता सांगितलं ते तंतोतंत. तेवढा तुकडा कापला, नवा घातला, दोन कपलर बसवले, खाली-वर मुरुमाची गादी केली. मग स्पंज ओढून आतला गाळ काढला. पहिले काही स्पंज काळे चिकट निघाले, शेवटी ओलसर पण स्वच्छ.

मग सरांचं ऐकून ड्रम तिकटीवर नेला आणि उलट्या बाजूने ओढलं. तोंडाशी जेल लावायला पुतण्या उभा होता. मोजा, फिरकी, सगळं तात्यांच्या पद्धतीने. दोरीला धान्याचा स्प्रिंगकाटा अडकवून ठेवला होता. सगळ्यात जास्त आकडा १४ किलो दिसला. दोघांनी बोलत बोलत ओढली. ओटीडीआर (केबलमध्ये प्रकाश सोडून दोष शोधणारं यंत्र) लावून बघितलं, आलेखात कुठेही खड्डा नाही. संध्याकाळी पहिली जोडणी दूध डेअरीला दिली.

गणितातला_सर

फार आनंद झाला. १४ किलोवरून उलट गणित केलं तर घर्षणांक ०.२२ च्या आसपास येतो. जेल लावूनही इतका, म्हणजे डक्ट आतून अजून मळलेला आहे किंवा वळणं आपण धरली त्याहून जास्त आहेत. पुढच्या टप्प्यांतही आकडा लिहून ठेवा.

कुपवाडची_रेणू

माझ्या मते दोन्ही. गाळ आतल्या निसरड्या थराला ओरखडे पाडतो, ते स्पंजने भरून येत नाहीत. म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: आधी डक्ट तपासणी आणि दुरुस्ती, त्यालाच पैसे. मग जेल, ते फार महाग नाही. भारी आवरणाची केबल पुढच्या खरेदीला बघा.

कऱ्हाडचा_कॉम्प्रेसर

आणि पुढे गावांची संख्या वाढली की ४० च्या डक्टमध्ये १० मिमीचे चार-पाच मायक्रोडक्ट (बारीक पाइप) एकदाच टाकून घ्या. मग प्रत्येक नव्या केबलला मोकळी वाट, जुनीला धक्का नाही.

वारणाकाठ

रेणूताई, दादा, नोंद घेतली. आता पुढचा टप्पा कालव्याच्या पुलावरून जातो, साधारण २० मीटर. तिथे डक्ट उघड्यावर कठड्याला बांधलेला आहे आणि उन्हात फुगून लोंबतोय. क्लॅम्प घट्ट करू का?

काळी_माती

घट्ट करू नका. एचडीपीई तापमानाने खूप लांबतं. २० मीटरला सकाळ-दुपारच्या ३० अंशांच्या फरकाने दहा सेंटीमीटरच्या आसपास. घट्ट बांधलं तर ते मधे कुठेतरी फुगून निघणारच. तेवढ्या लांबीला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बसवा, डक्ट त्यातून मोकळा जाऊ द्या आणि दोन्ही टोकांना चेंबरमध्ये हलायला जागा ठेवा. पाइपाच्या तोंडांना धार असते, ती कानसून रबरी बुश लावा. पुलाची परवानगी पाटबंधारे खात्याकडून घ्यावी लागेल, अर्ज आजच टाका, पावसाळ्याआधी हातात पडायला हवी.

ऊसवाला_बापू

पाटबंधाऱ्याच्या हापिसात सोमवारी जावा. सायेब त्या दिवशी जागेवर असत्यात.